रिजेक्ट झालेली मजुरी परवडली

आमच्या पंचायत समितीच्या नरेगा (रोजगार हमी) कक्षात रिजेक्ट एफटीओचा, म्हणजे मजुरी खात्यावर पाठवायच्या परत आलेल्या आदेशाचा, वैताग असतो, भीती नसते. यादी निघते, नावासमोर कारण असतं, खातं दुरुस्त करायचं, पुन्हा एफटीओ टाकायचा. पंचाईत होते ती स्क्रीनवर ‘क्रेडिटेड’ दिसणाऱ्या, पण मजुराला न मिळालेल्या पैशाची. 2024च्या सप्टेंबरात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून अशी तक्रार आली. ती निकाली निघाली असं कागद म्हणतो. मला अजून तसं वाटत नाही.

काम रस्त्याकडेच्या वृक्षलागवडीचं: खुरपणी, आळी करणं, रोपांना काट्या लावणं. मजूर बहुतेक बाया. मस्टर, म्हणजे हजेरीपट, सहा दिवसांचं, तेव्हाचा रोजाचा दर 297 रुपये, म्हणजे एका मस्टरचे 1782. बायांची दोन मस्टरं भरली होती, एकीलाही रुपया मिळाला नव्हता. गावाचा निकाल तयारच होता: रोजगार सेवकानं खाल्ले. आता पैसा थेट खात्यात जातो, त्याच्या हाताला तो लागतच नाही, हे कोणी ऐकून घेत नाही. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून, रेंजसाठी टेकडी चढून ते अपलोड करणारा हा माणूस गावाच्या शिव्या खायला सगळ्यात जवळ सापडतो, एवढाच त्याचा गुन्हा.

मजुरीचा प्रवास बाहेरच्यांना माहीत नसतो. नमुना 4वर कामाची मागणी, मग ई-मस्टर, हजेरी, तांत्रिक सहाय्यकाचं मोजमाप, वेजलिस्ट म्हणजे मजुरीची यादी, आणि शेवटी एफटीओ. त्यावर दोन डिजिटल सह्या झाल्या की आमचं काम संपलं. मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी: पहिले आठ दिवस आमचे, पुढचे सात केंद्राचे. उशीर झाला तर रोजाला 0.05 टक्के भरपाई. 1782वर ती 89 पैसे होते. हसू नका, त्या 89 पैशांचाही अहवाल असतो.

या गावाचे सगळे एफटीओ वेळेत होते. जॉबकार्ड उघडलं, मस्टर उघडलं, पेमेंट तपासलं: क्रेडिटेड. बायांच्या पासबुकात मात्र एंट्री नाही. बँकेतल्या बाबूनं पासबुक छापून दिलं आणि ‘तुमचे पैसे पंचायत समितीतच अडकलेत’ असं सांगून मोकळा झाला. आमच्याकडून बँकेत, बँकेतून आमच्याकडे. एका खेपेला एक रोज बुडतो, भाडं वेगळं.

मेख आधारमध्ये होती. 1 जानेवारी 2024पासून नरेगाची मजुरी आधार आधारित पद्धतीनेच द्यायची आहे. आमच्या एमआयएसमध्ये, म्हणजे नरेगाच्या संगणक प्रणालीत, मजुराचा खाते क्रमांक आणि बँकेचं नाव असतं, पण पैसा त्या क्रमांकावर जात नाही. तो आधार क्रमांकावर निघतो. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत जायचा त्या नोंदीत, त्या आधारसमोर जी बँक असेल तिच्याकडे पोहोचतो आणि ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकते. मॅपरमध्ये एका आधारला एकच बँक, सगळ्यात शेवटी जोडलेली.

इथे निम्मे बँकवालेही चुकतात. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि मॅपरमध्ये सीडिंग करणं, म्हणजे त्या आधारसमोर बँकेचं नाव चढवणं, वेगळं. पहिलं बँकेच्या आतलं काम, दुसरं बँकेने एनपीसीआयकडे पाठवायचं. ‘तुमचं आधार लिंक आहे’ असं काउंटरवरून सांगतात तेव्हा बहुधा पहिलंच सांगत असतात. रिजेक्शनमध्ये ‘इनॅक्टिव्ह आधार’ असं कारण येतं, तेही असंच फसवं. आधार चालू असतं, मॅपिंग बंद असतं. पण मजूर जातो आधार केंद्रावर, ठसे अपडेट करायला पैसे देतो, आणि पुढचा एफटीओ पुन्हा रिजेक्ट.

म्हणून पहिला प्रश्न बायांना विचारायचा तो एवढाच: एवढ्यात कुठे अंगठा दिला होता? उत्तर लगेच मिळालं. जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येणार होते. गावात खाती उघडायचा कॅम्प लागला. झिरो बॅलन्स, जागेवर खातं, यंत्रावर अंगठा. फॉर्मवर सीडिंगच्या संमतीचा रकाना असतो: नवीन सीडिंग, की दुसऱ्या बँकेतून इकडे बदल. बदल असेल तर आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. एका बाईकडे फॉर्मची प्रत होती. बदलाच्या चौकोनात टिक, आधीच्या बँकेची जागा कोरी.

आता सिद्ध करायचं होतं. माय-आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव आणि शेवटची बदलाची तारीख दिसते, खाते क्रमांक दिसत नाही. पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर कोणाच्या सुरतेला गेलेल्या पोराचा, कोणाचा कधीच बंद पडलेला. ज्यांचा ओटीपी आला त्यांच्या तारखा जुलै-ऑगस्टमधल्या निघाल्या. बाकीच्यांसाठी मायक्रो एटीएम, अंगठ्यावर चालणारं बँकेचं छोटं यंत्र. त्यात बँक आपण निवडायची, अंगठा द्यायचा आणि मिनी स्टेटमेंट काढायचं. खुरपं धरून रेषा झिजलेल्या असतात, अंगठा घेत नाही. मग बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, तरी नाही तर अनामिका लावून बघायची; ती कमी झिजते. पन्नाशीच्या एका मावशींच्या अनामिकेने चिठ्ठी निघाली: 3000, 1782, 1782. लाडक्या बहिणीचे दोन हप्ते आणि दोन्ही मस्टरं, सगळं शाबूत.

“म्हणजे पैसा होताच? मग मला सांगितलं का नाही कोणी?” मावशींनी विचारलं. त्या कॅम्पवाल्याने सांगायला हवं होतं, मॅपिंग सरकलं की बँकेचा एसएमएस यायला हवा होता, आमच्या स्क्रीनवर पैसा कुठे गेला ते दिसायला हवं होतं. यातलं काहीच झालं नाही आणि तरीही कोणत्याही अहवालात चूक नाही. पैसे वेळेत, रिजेक्शन शून्य, भरपाई शून्य. आढावा बैठकीत या गावाचा आकडा हिरवा होता.

मॅपिंग जुन्या बँकेत परत न्यायचे अर्ज मी छापूनच आणले होते. मावशींनी घेतला नाही. जुन्या खात्यावर बचतगटाचं थकीत कर्ज आहे, पैसा आला की बँक होल्ड लावते. नव्या खात्याचा पैसा गावातच मशीनवर मिळतो. “हेच राहू दे भाऊ, घरी बोलू नका,” म्हणाल्या. बऱ्याच जणींनी तेच केलं. चुकीने सरकलेलं मॅपिंग त्यांना सोयीचं निघालं, यावर काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही. एमआयएसमध्ये मात्र जुनंच खातं दिसतं. रोजगार सेवकाला सांगून ठेवलंय की तक्रार आली तर आधी स्टेटमेंट काढायचं, मग आमच्याकडे यायचं.

राहिली एक बाई. हिचं सीडिंग निघालं दुसऱ्या राज्यातल्या एका शाखेचं. वीटभट्टीच्या हंगामात ठेकेदाराने खाती काढून घेतली होती, त्यातलं. एटीएम कार्ड तिच्या हातात कधी आलंच नाही. दोन मस्टरांचे 3564 तिथे जमा झालेत आणि शिल्लक दीडशेच्या आत आहे. मॅपिंग आम्ही बदलून घेतलं, पुढची मजुरी नीट येते. मागच्या पैशाची तक्रार घ्यायला शाखा तिलाच समोर बोलावते, रेल्वेने एका दिवसाच्या वाटेवर. आमच्या बाजूने पुन्हा एफटीओ टाकता येत नाही. रिजेक्ट झालं असतं तर टाकता आला असता.