कडी काढलेला रुपया

ऑनलाइन मागवलेलं नाणं नेमकं वामकुक्षीच्या वेळेला येतं. पाकीट टराटरा फाडायची इच्छा होते, ती आवरावी. आधी फोन कशाला तरी टेकवून उभा करायचा आणि चित्रण चालू ठेवून बंद पाकीट, त्यावरचा पत्ता, चिकटपट्टी, कात्री, नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड हे सगळं एका दमात टिपायचं. कड विसरू नये. विक्रेत्याच्या फोटोत ती सहसा नसतेच.

समजा, राणीछाप रुपया आहे, १८७७ नंतरचा, 'एम्प्रेस' लिहिलेला. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेवरून नख फिरवा. बाकी सगळीकडे कंगोरे लागतात आणि तेवढ्याच जागी गुळगुळीत, जरा करडं काही लागलं, तर हा रुपया कुणाच्या तरी गळ्यात होता. राणीचं तोंड सरळ दिसावं म्हणून कडी मुकुटावर झाळतात. विकायच्या वेळी ती कापून जागा कानशीने घासतात. आपल्याकडे रुपयांच्या माळा होत्याच, त्यामुळे असा माल भरपूर. मला खरं तर हे रुपये आवडतात. लग्नं, बारशी, जत्रा पाहिलेले असतात बिचारे. पण संग्राहकांच्या बाजारात त्यांचा भाव कोसळतो, आणि वर्णनात 'कडी काढलेला' हे दोन शब्द घालायला विक्रेत्याला काही पैसे पडत नव्हते.

कड धड असेल तर वजन. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. हातोहात फिरून दहा-पंधरा सेंटिग्रॅम झिजला तर चालतं. नवाकोरा दिसतो आणि तरी हलका भरतो, तिथे पाल चुकचुकावी. चुंबकाने फक्त लोखंड कळतं. खरी परीक्षा पाण्याची. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पेलाभर पाणी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचं, तळाला न टेकवता. चांगला रुपया १.१३च्या आसपास दाखवतो. आकडा १.३५कडे सरकला तर आत जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, धातूत नाही) किंवा पितळ असावं. मात्र नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर खराही खोटा ठरतो, म्हणून दोरा हलकेच झटकून पुन्हा वाचावं. फरशीवर आपटून खणखणाट ऐकण्याची जुनी हौस मात्र सोडा. कडेला खोक पडली की परत करायचा हक्क आपणच घालवला.

तिसरी भानगड चकाकीची. देवघरातला रुपया लक्ष्मीपूजनाआधी रांगोळीने किंवा राखेने घासायचा, ही घरोघरची रीत, त्यामुळे चकचकीत चांदी म्हणजे चांगली चांदी हे आपल्या हाडीमासी मुरलंय. दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवलं की एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात. ते कशानेही भरून येत नाहीत. उलट, काळसर पडलेला रुपया तसाच राहू द्यावा. नरम प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकटा आला असेल तर तो शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडून, गॅसपासून लांब ठेवून सुटतो, चोळायचं नाही. आणि परत करायचा असेल तर हेही करायचं नाही.

शिवराईचं सगळंच उलटं. हाताने ठोकलेलं तांब्याचं नाणं, ठसा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर बाहेर जाणारच. लोक तेवढ्यावरून तक्रार करतात! मला उलट भीती वाटते ती सगळी अक्षरं, ठिपक्यांची पूर्ण किनार आणि अंगभर बारीक छिद्रं असलेल्या शिवराईची. ती छिद्रं साच्यात ओतल्याची. कडेला साच्याची सांधरेघ सापडली की संपलंच. फिकट हिरवी पूड झडत असेल तर नाणं खरं असूनही आजारी आहे; बाकीच्या तांब्यापासून वेगळं ठेवा.

तक्रार करताना 'फसवलंत' असं लिहू नये. वर्णनातलं वाक्य जसंच्या तसं, खाली काट्यावरचा फोटो, कडेचा फोटो, आणि मुदतीच्या आत. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरी दिलाच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. 'बिनपरतीचा माल' ही तळटीप इथे फारशी कामाची नाही. (अमेरिकेतल्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर तोही आवरा, शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही.)

पैसे बहुतेक वेळा मिळतात. मग आठवडाभराने तोच रुपया, त्याच फोटोसकट, 'अतिदुर्मिळ' म्हणून पुन्हा यादीत दिसतो, शंभर रुपये वाढवून. त्यावर काय उपाय करावा, हे मला अजून सुचलेलं नाही.