सातव्या कुपीतला गढूळपणा

१३ जुलै, रात्र

आज यंत्रातून जो आकडा बाहेर आला त्यावर विश्वास ठेवायचा, तर सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, गोव्यासमोरच्या अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३२ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला होता. सातव्या कुपीतल्या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर ७ मिलिमोल प्रति मोल भरले, आणि समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या त्याच गाभ्यातल्या वरच्या-खालच्या थरांत ते ३.६ ते ३.८ एवढेच आहे, म्हणजे पाणी २५ अंशांच्या आसपास. शेजारच्या रकान्यात ॲल्युमिनियमचा आकडा पाहिला आणि उलगडा झाला. चूक धुण्यात होती, आणि धुणे माझे होते.

हे सगळे ज्या जिवावर उभे आहे तो ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर वाळूच्या कणाएवढा असतो. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात तरंगत तो काही आठवडे जगतो, तेवढ्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कप्प्याकप्प्यांचे कवच बांधतो, आणि मेल्यावर ते कवच तळाच्या गाळात जाऊन पडते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे पाच अणू असतात. कवचात मात्र कॅल्शियमच्या दोनशेहून अधिक अणूंमागे मॅग्नेशियमचा जेमतेम एक सापडतो. एवढ्या कडक राखणीतूनही जे थोडे मॅग्नेशियम आत शिरते, ते पाणी जितके उबदार तितके जास्त शिरते, आणि ही वाढ दर अंशाला सुमारे ९ टक्के असते. मी वापरते ते समीकरण पल्लवी आनंद, हॅरी एल्डरफील्ड आणि मॉरीन कॉन्टे यांनी २००३ साली सारगासो समुद्रात सापळे लावून गोळा केलेल्या कवचांवरून मांडले होते.

गेल्या आठवड्यात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारले, की कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, तापमान काढता येत असताना ही यातायात कशासाठी. प्रश्न रास्त होता. ऑक्सिजनच्या आकड्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, एक पाण्याचे तापमान आणि दुसरी त्या पाण्याची स्वतःची घडण, जी ध्रुवांकडे किती बर्फ साठले आहे आणि इथे किती गोडे पाणी येऊन मिळाले आहे यांवर बदलते. त्याच कवचातल्या मॅग्नेशियमवरून तापमान वेगळे काढले आणि बर्फाचा वाटा वजा केला, की उरते ती खारटपणाची खूण, आणि आपल्या किनाऱ्यावर खारटपणा म्हणजे बहुतांशी पावसाचा हिशेब. तिने पुढे विचारले, की मुळात समुद्रातलेच मॅग्नेशियम बदलले असेल तर? समुद्रात आलेले मॅग्नेशियम एक कोटीहून अधिक वर्षे तिथेच राहते आणि कॅल्शियम सुमारे दहा लाख वर्षे, त्यामुळे २०,००० वर्षांत त्यांच्या परस्पर प्रमाणाला धक्का लागत नाही. खारटपणाची गोष्ट इतकी सरळ नाही, कारण पाणी अधिक खारट झाले तर तापमान तेच असूनही कवचातले मॅग्नेशियम किंचित वाढते, आणि हिमयुगातला समुद्र आजच्याहून थोडा खारटच होता. ही दुरुस्ती आकड्यांत करावी लागते, आणि मला ती दर वेळी थोडी टोचते.

पण आजचा प्रश्न धुण्याचा आहे. कवचे दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फोडायची, इतकीच की कप्पे उघडावेत आणि पीठ होऊ नये. मग अतिशुद्ध पाणी घालून कुपी काही सेकंद ध्वनिलहरींच्या टबात धरायची, तुकडे तळाशी बसू द्यायचे, आणि वर उरलेले दुधाळ पाणी पिपेटने काढून टाकायचे. तांदळाच्या धुवणासारखेच ते पाणी पहिल्यांदा पांढरट आणि हळूहळू निवळ होत जाते. त्यानंतर मिथेनॉल, मग सेंद्रिय अंश जाळण्यासाठी अल्कलीतले गरम हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी अत्यंत विरल नायट्रिक आम्लाचा ओझरता स्पर्श. दख्खनच्या बेसाल्टची माती नर्मदा-तापीच्या पाण्याबरोबर या समुद्रात येते, आणि तिच्यातल्या चिकण खनिजांत मॅग्नेशियम असते; कप्प्यात अडकलेला तिचा एक कण कवचाचे सारे म्हणणे बुडवून टाकतो. कवचाच्या स्वतःच्या घडणीत ॲल्युमिनियम जवळजवळ नसते, म्हणून ते दिसले की माती राहिली असे समजायचे. याच्या उलट, भीतीपोटी आम्ल जास्त वेळ ठेवले तर मॅग्नेशियमने समृद्ध असलेला भाग आधी विरघळतो आणि समुद्र उगाचच थंड दिसू लागतो. माती राहिली तर ॲल्युमिनियम चुगली करते, पण जादा आम्लाची अशी चुगली करणारे काही नाही, म्हणून मला दुसऱ्या चुकीचे भय अधिक वाटते.

सातव्या कुपीच्या वेळी बाहेर पाऊस कोसळत होता, दोनदा वीज गेली, आणि चौथ्या धुण्यानंतर पाणी पुरेसे निवळ आहे असे मी ठरवून टाकले. ते निवळ नव्हते, हे तेव्हाही कुठेतरी कळत होते. विरघळवलेली कवचे तर परत मिळणार नाहीत.

म्हणून दुपारपासून त्याच थराचा उरलेला गाळ चाळून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बसले आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक रुबर उचलत गेले. सगळे पांढरे. याच जातीचा गुलाबी प्रकार हिंदी महासागरातून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच नाहीसा झाला आणि आज तो फक्त अटलांटिकमध्ये आहे, तरी एखादा दिसेल या वेड्या आशेने नजर थबकतेच. पहिल्यांदा मला चाळीस कवचे मिळाली होती. आज संध्याकाळपर्यंत एकोणीस जमली, आणि त्यांतली दोन फुटकी आहेत.

एकोणीस पुरतील, पण दुसरी संधी उरणार नाही. पाच धुणी झाली आहेत. दिव्यासमोर कुपी धरली तर पाण्यात अजून किंचित दुधाळ झाक आहे. सहावे धुणे आता करते आहे.