तुम्ही विचारलंत म्हणून : खानची थकबाकी

"काका, इतके भाग काढतात, मग त्यातला एखादाच का जमून येतो हो?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी पडतोच. म्हणजे मला नाही, माझ्यासमोरच्याला पडतो आणि तो माझ्या अंगावर टाकतो. मी स्टार ट्रेकवाला आहे हे आमच्या सोसायटीत आणि नात्यागोत्यात जाहीर आहे. विचारणारा बहुधा कुठल्या तरी अंतराळ-मालिकेचा सातवा नाहीतर आठवा भाग बघून, तिकिटाइतकेच पैसे पॉपकॉर्नवर घालवून, हिरमुसून आलेला असतो. मी उभ्याउभ्या "गोष्ट चांगली लागते बघ" असं काहीतरी सांगून सुटतो. ते उत्तर बरोबर नाही, कारण चांगल्या गोष्टींचे पडलेले सिनेमेही मी ढिगाने बघितलेत. तेव्हा एकदा बसून नीट सांगतो, आणि सांगतो एकाच सिनेमाबद्दल, 'स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान', साल १९८२.

आधी एक कबुली. मी आयुष्यभर एका बँकेच्या कर्जवसुली खात्यात काम केलं. त्यामुळे जगाकडे बघायची माझी एक वाईट खोड आहे, ती पुढे दिसेलच.

स्टार ट्रेक म्हणजे एंटरप्राइझ नावाच्या अंतराळयानाच्या सफरींची गोष्ट. मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालली, एकूण ७९ भाग. आपल्याकडे ती दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात आली, रविवारी सकाळी. आंघोळ न करता बघायची मालिका. त्या काळच्या मालिकांचा एक अलिखित नियम होता, की भाग संपला की खातं बंद. एंटरप्राइझ यान नव्या ग्रहावर जाणार, लाल सदऱ्यातला कोणी गरीब बिचारा मरणार, कॅप्टन कर्क प्रेमात पडणार, त्याचा थंड डोक्याचा अर्धा-परग्रही सहकारी स्पॉक भुवई उंचावणार, आणि पन्नास मिनिटांनी यान पुढे निघणार. पुढच्या आठवड्यात कोणालाच काही आठवत नसे. कोणी म्हातारं होत नसे आणि कोणाचं कोणाला देणं लागत नसे. प्रेक्षकालाही ते सोयीचं होतं, एखादा रविवार चुकला तरी काही बिघडत नव्हतं.

मग १९७७मध्ये 'स्टार वॉर्स'ने गल्ला भरला आणि पॅरामाउंट स्टुडिओला आपल्या माळ्यावरच्या यानाची आठवण झाली. १९७९मध्ये 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' आला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास, त्या काळाच्या मानाने अफाट. आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९६५च्या मिस इंडिया, यांनी त्यात डोक्याचा तुळतुळीत गोटा करून इलियाची भूमिका केली होती. सिनेमा देखणा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात कर्क एका छोट्या यानात बसून आपल्या जुन्या एंटरप्राइझभोवती फिरतो आणि तिच्याकडे बघतो. पाचेक मिनिटं नुसता बघतो. आमच्या घरी हा सिनेमा लावला तेव्हा ही त्या वेळी उठून पोळ्या करायला गेली, डबा भरून परत आली, आणि पडद्यावर बघून म्हणाली, "अजून बघतोयच का तो?" तोवर यान केव्हाच निघून एका महाकाय ढगात शिरलं होतं. पण तिचं चुकलं असं मला म्हणता येईना, कारण तिथेही सगळे जण बघतच उभे होते.

त्या पाच मिनिटांमध्ये आहे फक्त ओळखीचा आनंद. हे तेच यान, हे तेच लोक, आणि तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीत म्हणून घ्या बघून. बहुतेक मालिकांचे बहुतेक भाग याच आनंदावर चालतात. जुना वाद्यमेळ वाजतो, जुना नट दारातून आत येतो, थिएटरात टाळ्या पडतात. टाळ्या मीही वाजवतो. पण घरी येऊन पायातल्या चपला काढेपर्यंत ते ओसरलेलं असतं.

त्या सिनेमाने पैसे मिळवले, पण खाल्लेही फार. पुढच्या भागासाठी स्टुडिओने हार्व्ह बेनेट नावाच्या टीव्हीवाल्या निर्मात्याला बोलावलं. साडेचार कोटींपेक्षा कमी पैशात जमेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, तेवढ्यात मी पाच सिनेमे करून देईन. झालाही तसाच, जेमतेम १.२ कोटीत. बेनेटने मालिका बघितलेलीच नव्हती. त्याने बसून सगळे भाग बघून काढले, आणि त्यातून एक भाग उचलला, फेब्रुवारी १९६७मधला 'स्पेस सीड'.

खान त्या भागातला. विसाव्या शतकात जन्माआधीच सुधारून बनवलेला महामानव, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगाचा हुकूमशहा, आपल्या माणसांसह यानात गोठून पडलेला. पूर्ण नाव खान नूनियन सिंग. एंटरप्राइझवरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे बघून अंदाज करते, की हा उत्तर भारताकडचा, बहुधा शीख. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी. हॉलीवूडने एका नावात सगळा उत्तर हिंदुस्थान उरकला. असो. माणूस मात्र झकास शोभला. तो यान बळकावायला बघतो, हरतो, आणि शेवटी कर्क त्याला तुरुंगात न टाकता सेटी अल्फा ५ नावाच्या रानटी पण राहण्याजोग्या ग्रहावर त्याच्या माणसांसह सोडून देतो. ती इतिहासतज्ज्ञही त्याच्या प्रेमात पडून सोबत उतरते. भाग संपला, फाईल बंद.

आमच्या खात्यात अशा फाईली असत. साहेबाने मोठ्या मनाने काहीतरी तडजोड केलेली, सगळे हात मिळवून घरी गेलेले, आणि नंतर त्या पत्त्यावर कोणी फिरकलेलंच नाही.

'द रॅथ ऑफ खान'ची अख्खी गोष्ट एवढीच आहे, की त्या पत्त्यावर पंधरा वर्षांत कोणी फिरकलं नाही. खानला सोडल्यावर सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटला, सेटी अल्फा ५ची कक्षा सरकली आणि हिरव्या ग्रहाचं वाळवंट झालं. खानची माणसं मेली, बायको मेली. एक दुसरं यान चुकून तिथे उतरतं आणि त्याला सुटायची वाट मिळते. आता त्याला जग जिंकायचं नाही. त्याचे सोबती त्याला सांगतातसुद्धा, की यान मिळालंय, मोकळे आहोत, चला कुठेही जाऊ. त्याला कुठेही जायचं नाही. त्याला एका माणसाकडून वसुली करायची आहे.

मालिकेची जी सोय होती, दर आठवड्याला विसरून पुढे जायची, तिलाच या सिनेमाने गुन्हा ठरवलं. माझं उत्तर हेच. ज्या मालिका फार वर्षं चालतात त्यांच्या खात्यावर अशी थकबाकी आपोआप साचत जाते. न मरणारा नायक, न बदलणारं यान, मागे सोडलेली माणसं. जो दिग्दर्शक ही जुनी खाती उघडतो त्याचा सिनेमा उभा राहतो. नव्या राक्षसाच्या, मोठ्या स्फोटाच्या, आणखी काळ्या विवराच्या मागे लागणारा सहसा पडतो.

निकोलस मायर या दिग्दर्शकाने पटकथेचा शेवटचा खर्डा बारा दिवसांत लिहून काढला आणि पडद्यावर लेखक म्हणून नावही लावलं नाही. त्याने काय केलं ते चष्म्यावरून दाखवतो.

सुरुवातीला कर्कचा वाढदिवस असतो. तो आता ॲडमिरल झालाय, टेबलामागे बसतो. डॉक्टर मॅकॉय त्याला भेट देतो ती चाळिशी, खरी काचेची, जुन्या बनावटीची. भविष्यातलं डोळ्यांचं औषध कर्कला सोसत नाही म्हणून. कर्कचा चेहरा पडतो. पुढे खानने एंटरप्राइझवर अचानक हल्ला केलाय, यान जळतंय, खानने त्याला साठ सेकंद दिलेत. कर्ककडे एकच युक्ती उरलीय, खानच्या यानाचा पाच आकडी संकेतांक वापरून लांबूनच त्याची ढाल पाडायची. आणि आकडे समोर असताना कर्कला ते दिसत नाहीत. तो चाचपडत चष्मा काढतो, डोळ्यांवर चढवतो. मी पहिल्यांदा हे बघितलं ते भाड्याच्या कॅसेटवर, तिशीसुद्धा गाठली नव्हती, आणि मला फक्त गंमत वाटली. आता बघतो तेव्हा माझाही हात खिशाकडे जातो. अगदी शेवटी तो एकटा पुस्तक वाचायला बसतो तेव्हा चष्म्याची एक काच तडकलेली असते, आणि जो मुलगा त्याने कधी वाढवलाच नाही तो दारात येऊन उभा राहतो. हेही एक जुनं खातं.

तर चष्म्याला किती खर्च आला असेल?

पैसे नव्हते याचा सिनेमाला उलट फायदाच झाला. पहिल्या सिनेमातली यानाची दृश्यं पुन्हा वापरली. दोन्ही यानांचे कक्ष म्हणजे एकच सेट, रंगरंगोटी बदलून. कर्क आणि खान अख्ख्या सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत, फक्त पडद्यावरून बोलतात, आणि त्यांची चित्रीकरणंही काही महिन्यांच्या अंतराने झाली. शेवटची लढाई होते एका तेजोमेघात, जिथे यानांना काही दिसत नाही आणि ढालीही चालत नाहीत. तो मेघ तयार केला पाण्याच्या टाकीत लॅटेक्स वगैरे सोडून. दोन आंधळी जहाजं एकमेकांना चाचपत फिरतात, पाणबुड्यांसारखी. मायरच्या डोक्यात जुन्या आरमारी कादंबऱ्या होत्या हे लगेच कळतं.

इथे कट्टर चाहते हात वर करतात, म्हणून तेही सांगून टाकतो. खान या सिनेमात चेकॉव्हला, म्हणजे कर्कच्या यानावरच्या एका जुन्या अधिकाऱ्याला, बघताक्षणी ओळखतो. पण 'स्पेस सीड' पहिल्या वर्षातला, आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या वर्षी. म्हणजे ज्याला सगळे मालिकेतला सर्वोत्तम सिनेमा म्हणतात, त्यात चाहत्यांच्या पोथीप्रमाणे ढळढळीत चूक आहे. पोथी पाळली म्हणून सिनेमा चांगला होतो असं म्हणणाऱ्याला मी एवढंच दाखवतो आणि चहा सांगतो.

आता स्पॉक. त्याच्या मृत्यूची बातमी सिनेमा यायच्या आधीच फुटली, चाहते खवळले. मायरने मग पहिल्याच दृश्यात स्पॉकला पाडलं, आणि तो निघाला नुसता सराव. कोबायाशी मारू नावाची परीक्षा, जिच्यातून कोणीच जिंकून बाहेर पडत नाही. कर्क एकटा तरुणपणी पास झालेला, तोही लबाडी करून. प्रेक्षक सुटलो म्हणतात. शेवटी ती परीक्षा खरी येते आणि कर्कच्या वाटची स्पॉक देतो, यान वाचवायला किरणोत्साराने भरलेल्या काचबंद खोलीत शिरून. किरणोत्साराने भाजलेला स्पॉक उठतो, उठल्यावर आधी सदरा ओढून नीट करतो, मग कर्क पलीकडे उभा आहे त्या काचेपर्यंत चालत येतो आणि काचेवर आपटतो, कारण त्याला दिसत नाही. सदरा नीट करायचं ते एक सेकंद १९६६पासून जमा होत आलेलं आहे. ते पैसे खर्चून आणता येत नाही.

याचा पुरावाही आहे. नवे नट घेऊन केलेल्या २०१३च्या 'स्टार ट्रेक : इनटू डार्कनेस'मध्ये हाच प्रसंग उलटा करून घेतला. काचेपलीकडे मरतो कर्क, आणि खानच्या नावाने ओरडतो स्पॉक. नट चांगले, तंत्र कितीतरी पुढचं. पण या नव्या कर्क-स्पॉकची ओळख होऊन जेमतेम दोन सिनेमे झालेले, आणि थोड्याच वेळात खानचं रक्त टोचून कर्क उठून बसतो. उधारीवर आणलेलं दुःख, आणि तेही व्याज न भरता परत. जुन्या सिनेमातही स्पॉक १९८४च्या भागात परत येतो, मान्य. पण त्यासाठी कर्कचा मुलगा जातो आणि एंटरप्राइझ जळते. तिथे पावती फाडलेली आहे.

तुम्ही म्हणाल, 'इनटू डार्कनेस'ने तर सगळ्या स्टार ट्रेक सिनेमांत जास्त कमाई केली. केली, ४६ कोटी डॉलरच्या वर. त्याच वर्षी लास व्हेगासला चाहत्यांच्या मेळाव्यात मतदान झालं, तेव्हा तो यादीत तळाला गेला. यातलं यश कुठलं ते तुम्ही ठरवा. मला विचारलंत तर मी दुसऱ्या यादीतला माणूस आहे.

आणि नुसतं आवडतं पात्र मारलं म्हणजे झालं असंही नाही. १९९२च्या 'एलियन ३'ने सुरुवातीलाच न्यूट आणि हिक्सला मारून टाकलं, ज्यांना वाचवण्यात मागचा अख्खा सिनेमा गेला होता. त्याला आमच्यात निर्लेखन म्हणतात, खातं बुडीत दाखवून मोकळं व्हायचं. वसुली वेगळी. वसुलीत देणेकऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. २०२३चा 'गॉडझिला मायनस वन' तसा उभा राहिला. १९५४पासून चालत आलेला तो राक्षस पुन्हा युद्धानंतरच्या भाजलेल्या जपानात नेला, आणि समोर ठेवला एक आत्मघाती वैमानिक, जो मरायला कचरला आणि ऐन वेळी गोळीही झाडू शकला नाही. पस्तीस जणांच्या चमूने केलेल्या दृश्यांना ऑस्कर मिळालं, पण मला त्यातला राक्षस कमी आठवतो आणि त्या माणसाचा न दाबलेला खटका जास्त.

परवा भाच्याचा मुलगा म्हणाला, "आजोबा, मग डायरेक्ट दुसराच बघू ना?" बघ की. पण आधी 'स्पेस सीड' बघ, पन्नास मिनिटांचा तर आहे. शेवटच्या मिनिटाकडे लक्ष दे. खानला ग्रहावर सोडायचं ठरलंय, सगळे निवांत आहेत, आणि स्पॉक म्हणतो की शंभर वर्षांनी परत येऊन बघायला हवं, आज पेरलेल्या या बियाण्याला पीक काय आलं ते. कर्कही म्हणतो, हो, खरंच. मग यान पुढे जातं.

तेवढं झालं की मध्ये एक चहा घे, आणि सिनेमा लाव.