आजीचे पांढरे केस आणि मांडवाचा पिवळा पडदा

आजी गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मनासारखा एकच सापडला. मामेभावाच्या लग्नातला, अगदी मनापासून हसतानाचा. मागे मात्र पिवळाधमक पडदा आणि कुणाचं तरी कोपर.

फोनवरच्या अ‍ॅपने बॅकग्राउंड लगेच काढलं, पण कपाळावर भुरभुरणारे केसही सोबत गेले. ते केस नसतील तर ती आमची आजी दिसत नाही. म्हणून लॅपटॉपवर गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. ते मोफत मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे.

इरेजरला हात लावला नाही. लेयर मास्क, म्हणजे फोटोच्या थरावरचं काळं-पांढरं आवरण, लावला की काहीच पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. मास्कवर पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धवट दिसतो. केसांना हे करडंच लागतं, कारण बारीक केसाच्या कडेला एकाच पिक्सेलमध्ये केस आणि पडदा मिसळलेले असतात.

मास्क करायला पडद्याचा रंगच कामी आला. गडद पिवळ्यात लाल आणि हिरवा भरपूर, निळा अगदी कमी. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोतला फक्त निळा किती ते दाखवणाऱ्या करड्या चित्रात, पडदा काळपट आणि पांढरे केस उजळ दिसत होते. त्या चॅनेलची प्रत घेतली, लेव्हल्सने काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला आणि तोच मास्क केला. चेहरा आणि साडी ब्रशने पांढरी भरली, खांद्याची आणि पदराची कड पाथ टूलने आखली. सर्वांत जास्त वेळ चष्म्याची काडी आणि गाल यांच्यामधल्या फटीने खाल्ला.

तरी केसांवर पिवळी झाक होतीच. ब्रश ‘कलर’ मोडवर ठेवून केसांतलाच करडा रंग उचलून फिरवला. त्याने उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो.

मागे पांढरंशुभ्र ठेवलं की माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. आजीच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून होता, म्हणून मागचा करडा ग्रेडियंटही (हळूहळू गडद होत जाणारा रंग) डावीकडे उजळ ठेवला. मूळ फोटो कमी उजेडातला, त्यात बारीक दाणे होते. तेवढाच नॉइज मागेही टाकला. ही पायरी कुणी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

८ × १२ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. लॅबला जेपीईजी दिली, लेयरसकट एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल माझ्याकडे ठेवली. मामांना मागे फिकट निळा रंग हवा आहे, त्यांच्यासाठी आता फक्त खालचा लेयर बदलायचा.