नागपूरच्या मे महिन्यातली प्लान्टेड टाकी : पंखा, बाष्पीभवन आणि टीडीएस

माशांची, जिवंत पाणवनस्पती लावलेली टाकी 24 × 12 × 12 इंची, तळाला दोन इंच माती-वाळू, प्रत्यक्ष पाणी 45 लिटर. आत निऑन टेट्रा मासे, चेरी श्रिम्प (छोटी कोळंबी) आणि क्रिप्टोकोरिन, जावा फर्न ही झाडं. पंखा लावण्याआधी दुपारी पाणी 33 अंशांवर जात होतं, आता 27-28 वर टिकतंय.

जोडणी अशी. 120 मिमीचा 12 व्होल्टवाला कॉम्प्युटर फॅन, 1 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) असलेला थर्मोस्टॅट बोर्ड, म्हणजे तापमान बघून पंखा चालू-बंद करणारा, कूलिंग मोडवर. 28 ला सुरू, 27 ला बंद. हा फरक 0.1 अंशावर ठेवला तर रिले सतत टकटक करतो आणि त्याचे पॉइंट जळतात. पंखा तिरका लावा : हवा पाण्यावरून घसरत पलीकडून बाहेर पडली पाहिजे. सरळ खाली तोंड केलं की तीच दमट हवा तिथल्या तिथे घोटाळते. काचेचं झाकण काढावंच लागतं, त्याऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतात. सेन्सरची वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

एवढ्याशा पंख्याने पाच अंश का उतरतात? पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. ते बंध सोडवून एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2430 किलोज्यूल लागतात, आणि ते उरलेल्या पाण्यातूनच जातात. या टाकीतून दिवसाला दीड लिटर उडतं, म्हणजे चोवीस तास सरासरी 42 वॅट उष्णता बाहेर. बर्फाची बाटली टाकणाऱ्यांनी हा हिशेब बघावा : एक किलो बर्फ वितळून 27 अंशांवर येईपर्यंत जेमतेम 447 किलोज्यूल घेतो. 45 लिटर पाणी त्याने थोड्याच वेळात सव्वादोन-अडीच अंश उतरतं आणि मग पुन्हा चढतं. हा झटका माशांना उन्हापेक्षा वाईट.

मर्यादा मात्र हवेची. बाष्पीभवनाने पाणी हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली (थर्मामीटरच्या बल्बला ओलं कापड गुंडाळून वारा दिला की दिसतं ते) जात नाही. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला ते सुमारे 24 असतं. मुंबईच्या 33 अंश आणि 70 टक्क्यांना 28 च्या वर. म्हणून कोकणपट्टीतल्या मंडळींनी या जोडणीकडून फार अपेक्षा ठेवू नये. डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीतही पंख्याचा परिणाम कमी दिसतो, पण तिथे खोलीच थंड असते.

आता खरी डोकेदुखी. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. आमच्या बोअरचा टीडीएस 400. रोजची दीड लिटर तूट त्याच पाण्याने भरली, तर आठवड्याला टीडीएस 90 हून जास्त चढतो. दर आठवड्याला 13.5 लिटर पाणी बदलूनही तो शेवटी 700 च्या आसपास जाऊन बसतो. काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरा थर जमतो आणि श्रिम्पची कात अडकायला लागते. तूट आरओने भरली की तोच आकडा 415 वर थांबतो. म्हणून नियम साधा : तूट भरायला आरओ, पाणी बदलायला बोअर. काचेवर मार्करने रेघ मारून रोज संध्याकाळी भरा. आठवड्याचं साडेदहा लिटर एकदम ओतलं की टीडीएस धाडकन खाली येतो आणि श्रिम्प अवेळी कात टाकतात. घरच्या आरओत मिनरलचं कार्ट्रिज असेल तर आधी टीडीएस मीटर लावून बघा. एसीचं पाणी मीटरवर छान दिसतं, पण ते धातूच्या कॉइलवरून येतं. तांब्याचा अंशही श्रिम्पना मारतो, तेव्हा ते नकोच.

तापमान उतरवण्याचा दुसरा फायदा ऑक्सिजनचा. समुद्रसपाटीला 32 अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त 7.3 मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, 27 अंशांना 8. फरक छोटा वाटेल, पण रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात आणि पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. त्यात पृष्ठभागावर प्रथिनांचा-तेलाचा तवंग असेल तर वायूंची देवाणघेवाण आणखी मंदावते. शिवाय तो बाष्पीभवनही अडवतो, म्हणजे पंखा नुसताच फिरतो. टिश्यू पेपर पाण्यावर आडवा टेकवून उचला, तवंग त्याला चिकटून येतो. फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून हलके तरंग उठू दिले की तो परत धरत नाही. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) टायमरवर, रात्री 10 ते सकाळी 7. दिवसा तो बंदच बरा, कारण झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड त्याने उडून जातो.