आंबेनळी घाटात लुकलुकलेला लाल दिवा

पुण्याहून दापोलीला जायचं तर बरेच जण ताम्हिणी धरतात. आम्ही वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळीने पोलादपूरला उतरलो, कारण लेकीला प्रतापगड बघायचा होता. पसरणी घाटाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. रस्ता चांगला, गर्दी शनिवारची.

खरा उतार महाबळेश्वरनंतर. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, आणि मधे साधारण ४० किलोमीटर रस्ता. दाट झाडी, अरुंद वळणं, आणि वळणावर हॉर्न न देता अंगावर येणाऱ्या गाड्या. प्रतापगड फाट्याच्या अलीकडे एका वळणावर गाडीचं नाक खाली, अंग एका बाजूला कललेलं, आणि मीटरमधलं गोलातलं उद्गारचिन्ह लाल पेटलं. वळण संपलं, दिवा विझला. पुढच्या वळणावर पुन्हा पेटला.

बहुतेक गाड्यांत हा दिवा हँडब्रेक ओढलेला असला की लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. म्हणून आधी हँडब्रेकच बघायचा. लिव्हर एखाद-दुसऱ्या खटक्यावर अडकलेला असला तरी दिवा जळतो. आमचा पूर्ण खाली होता. दिवा फक्त वळणावर, उतारावर लुकलुकत असेल तर ऑइलची पातळी किमान मर्यादेपाशी आली आहे असं समजावं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो.

वाडा कुंभरोशीला सपाट जागा बघून थांबलो. तिथे केलेली तपासणी कुणालाही जमेल. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवायचा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग, गेलाय. मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघायचं, टायरला किंवा रिमला ओल आहे का. आणि बॉनेट उघडून टाकीवरची मिनची, म्हणजे किमान पातळीची, रेघ बघायची. आमचं पेडल घट्ट, चाकं कोरडी, ऑइल बरोब्बर मिनच्या रेघेवर. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली उतरलो. पेडल बसलं असतं किंवा चाक ओलं सापडलं असतं, तर तिथूनच टोइंगला फोन केला असता. घाटात गळक्या ब्रेकने ‘हळूहळू जाऊ’ म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लाल दिव्याबरोबर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवाही लागला असेल तरीही पुढे जाऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

पोलादपूरला गॅरेजवाल्या दादांना म्हटलं, थोडं ऑइल टाकून द्या. ते म्हणाले, “टाकतो ताई, पण आधीचं गेलं कुठं ते बघू.” त्यांनी पुढचं चाक काढलं. बाहेरचा ब्रेक पॅड चांगला जाड होता. आतला जवळपास पत्र्यापर्यंत झिजलेला. पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर; त्याच्या पिना सुकून अडकल्या होत्या, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर. पॅड झिजले की त्यांना ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे ऑइल गळलं नव्हतं, कॅलिपरमध्ये जाऊन बसलं होतं. नवे पॅड बसवताना त्यांनी पिस्टन मागे ढकलले आणि थेंबभर ऑइल न टाकता पातळी मॅक्सच्या रेघेजवळ आली. आधीच वरून भरलं असतं, तर आता ते उतू जाऊन रंगावर सांडलं असतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

अलीकडच्याच सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘ब्रेक ओके’ अशी टिक आहे. अलॉय चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, त्यामुळे ती टिक कशी पडली असेल ते कळतं. निघण्याआधी चाक काढून आतला पॅड बघायला सांगा. नवा साधारण १० मिलिमीटरचा असतो. ३ उरला की बदलायचा.

एवढं झालं तरी हा दिवा फक्त पातळी ओळखतो. घाटातला खरा धोका उष्णतेचा, आणि साध्या गाड्यांत त्यासाठी दिवाच नसतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की दोनपैकी एक होतं. पॅड तापून पकड सोडतात: पेडल कडक लागतं, जळका वास येतो, गाडी थांबत नाही. किंवा ऑइल उकळून त्यात वाफ होते: पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. कोरं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे; पाणी मुरलेल्यासाठी तोच १४० वर येतो. म्हणून रंग चांगला दिसला तरी दर दोन वर्षांनी बदलून घ्या.

चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला टाका. ऑटोमॅटिक असेल तर एल (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेक थोडा वेळ, पण ठामपणे दाबून सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल कधीच नको. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर त्याचे परिणाम पुणेकरांनी बरेच पाहिलेत. वास आला तर थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. ब्रेक गेलाच तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडाथोडा ओढा आणि डोंगराच्या बाजूला राहा. चावी फिरवून इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं, चावी निघाली तर लॉकही होतं.

पुढे कशेडीला आता बोगदा आहे, खेडहून दापोलीचा रस्ता वळणांचा पण सोपा. पावसाळ्यात आंबेनळीचा विचार करत असाल तर निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा. जुलै २०२१ च्या पावसात तो दरडींनी पार उखडला होता. लाल चिखलातून गेल्यावर नुसता एबीएसचा पिवळा दिवा लागला तर चाकाजवळचा सेन्सर माखलाय का ते आधी बघा. साधा ब्रेक तेव्हा चालू असतो, फक्त चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण नसतं. आणि समुद्राजवळ गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक सोडून ठेवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि टायरखाली दगड, नाहीतर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात.