रात्री झोप नाही, मग दिवस कसा जातो ते आधी सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच लिहिते, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. स्ट्रोक होऊन दोन-तीन महिने झालेत, पायात थोडी ताकद यायला लागलीये, पण रात्री झोप नाही आणि त्यांच्याबरोबर सगळं घर जागं, तर व्यायामाने झोप सुधारते का, की गोळीच लागेल? मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत घरोघरी जाऊन पेशंट बघते, गोळीचं डॉक्टरांनीच ठरवायचं. व्यायामाचं मात्र मी नक्की सांगू शकते, बहुतेकांना फरक पडतो. पण बऱ्याच घरांत ज्याला व्यायाम म्हणतात त्याने पडत नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे.

एक काका होते, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, उजवी बाजू गेलेली. मुलगा-सून फार मनापासून करायचे, पाणी हातात, रिमोट हातात, जेवण कॉटवर, दुपारी पडदे ओढून द्यायचे म्हणजे बाबांना आराम. सांभाळायला येणाऱ्या मावशी सकाळी तेल लावून हातपाय हलवून द्यायच्या, झाला व्यायाम. काका दुपारी एक ते चार झोपायचे, संध्याकाळी टीव्हीपुढे डुलकी, साडेआठला जेवून परत झोप आणि रात्री दीडला टक्क जागे. मग हाका, कधी लघवी, कधी पाणी, कधी नुसतंच कोणीतरी जवळ बसा म्हणून. सून मला म्हणाली, "ताई, ते झोपत नाहीत असं नाही हो, आम्ही झोपतो तेव्हा झोपत नाहीत." तिने अगदी बरोबर ओळखलं होतं.

आपण जागे असतो, मेंदू-शरीर कामात असतं, तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप गाढ. तीन तासांच्या दुपारच्या झोपेत ते बरंचसं उतरतं, मग रात्रीसाठी उरतं काय? वर संध्याकाळचा चहा, त्यातलं कॅफिन ह्या ॲडेनोसिनचाच परिणाम अडवतं. शिवाय मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं आणि हा माणूस तर दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत. स्ट्रोकमुळे मेंदूला झालेली इजा, खांद्याचं दुखणं, रात्री पाय ताठ होणं, मनाची उदासी ही कारणं वेगळी आहेतच, पण दिवस हा आपल्या हातातला भाग आहे.

आता व्यायामाचं. मावशी हातपाय हलवतात ते चांगलंच आहे, सांधे आखडत नाहीत, ते बंद करू नका. पण त्यात दमतात मावशी, पेशंट नाही. झोपेसाठी पेशंटचा स्वतःचा श्वास थोडा वाढायला हवा. काकांचं आम्ही उंच खुर्चीतून उठ-बस करण्यापासून सुरू केलं, कॉट खिडकीजवळ घेतली, सकाळी उन्हात अंगणातून फाटकापर्यंत चालायचं, मुलगा कमजोर बाजूला उभा, कमरेला पट्टा धरून. सुरुवातीला फाटकापर्यंत पोचून तिथल्या खुर्चीवर बसावं लागायचं, पुढे न बसता परत यायला लागले. ज्यांना चालता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून पेडल मारलं तरी चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये स्ट्रोकच्या पेशंटसाठी जे सांगितलंय ते आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं, आणि एकदम जमत नसेल तर १०-१० मिनिटांचे तुकडे. मी तुकडेच देते, स्ट्रोकनंतरचा थकवा फार वेगळा असतो, बाहेरून दिसत नाही. किती दमायचं? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. नाडी मोजत बसू नका, कारण मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर नाडी तशीही फारशी वाढत नाही.

काकांची दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायला सगळ्यात जास्त त्रास झाला, त्यांना नाही, घरच्यांना, आजारी माणसाला उठवायचं कसं म्हणून. दोन-चार आठवड्यांत रात्रीची जाग दीडवरून साडेतीन-चारवर गेली, मधे काही वाईट रात्री आल्याच. चारच्या पुढे मात्र झोप गेली नाही, आणि मला वाटतं तो आजार नव्हता, आयुष्यभर पहाटेच्या ड्यूटीला उठलेला माणूस. एक गोष्ट घरच्यांना हमखास सांगते, दिवसा आम्ही शिकवलेली हालचाल मेंदू झोपेत आणखी पक्की करतो, त्यामुळे झोप सुधारली की चालणंही सुधारायला मदत होते.

पण घाई नको. स्ट्रोक झाल्याझाल्या पहिल्या २४ तासांत खूप उठवण्या-चालवण्याचा प्रयोग पाच देशांत २१०४ पेशंटवर झाला होता, २०१५ ला निकाल आला आणि जास्त उठवलेल्यांची रिकव्हरी उलट कमी निघाली. त्यामुळे कधी सुरू करायचं आणि बीपी किती असेल तर त्या दिवशी थांबायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. चक्कर, छातीत दुखणं, बोलण्यात फरक, काहीही झालं तर लगेच थांबून दवाखाना गाठा. झोपायच्या आधी दोन तासांत दमवणारं काही नको, तेव्हा हलकं स्ट्रेचिंग आणि दुखऱ्या हाताखाली उशी.

आणि पेशंट जोरात घोरत असेल, मधेच श्वास थांबून दचकून उठत असेल तर नुसत्या व्यायामावर विसंबू नका. तो स्लीप ॲप्निया असू शकतो, स्ट्रोकच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये तो सापडतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. अशा वेळी शेजाऱ्यांनी सांगितलेली झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका, काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. गोळी आधीपासून चालू असेल तर झोप सुधारली म्हणून मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.